चाळणीरावांचा बायोडेटा

सकाळी सव्वादहाला चाळणीरावांच्या आयुष्याला शंभरपैकी अडतीस गुण मिळाले. गुण देणारं कुणी माणूस असतं तर त्याला दोन शब्द सुनावता आले असते. पण ती एक वेबसाइट होती. 'तुमचा रेझ्युमे इथे टाका, आम्ही तपासून देतो, अगदी मोफत,' असं तिने गोड बोलून सांगितलं, यांनी भाबडेपणाने टाकला, आणि पडद्यावरच्या चकतीतला लाल काटा थरथरत वर चढून अडतीसवर बसला. चाळणीरावांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. काटा जागचा हलला नव्हता.

"अहो, काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"काही नाही."

"मग मघापासून आ वासून का बसलाय?"

चाळणीरावांनी तोंड मिटलं.

चाळणीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या भरती विभागात त्यांनी अठ्ठावीस वर्षं एकच काम केलं. आलेले अर्ज चाळायचे. त्यावरून कॅन्टीनवाल्याने हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा चुकून तसंच पुकारायचा. टेबलावर उजवीकडे एक ट्रे, तो मुलाखतीचा. गुडघ्याशी एक खोल खण, तो नकाराचा. एका बायोडेटाला दीड मिनिट. दोन पानांपेक्षा जास्त पानं असली, खालचा खण. वर्षावर्षाला नोकऱ्या बदललेल्या, खालचा खण. आणि मधे दोन वर्षांचा किंवा त्याहून मोठा खंड दिसला, की कारण न वाचता खालचा खण. कारणं वाचत बसलं तर काम व्हायचं नाही, असं ते नव्या पोरांना समजावून सांगत.

या सगळ्यावर त्यांची खास पट्टी होती. जुन्या फाइलीच्या काळ्या पुठ्ठ्यातून त्यांनी स्वतःच्या हाताने कापलेली, वीतभर रुंद. अर्ज समोर आला की आधी ती पट्टी कागदाच्या वरच्या भागावर ठेवायची, म्हणजे नाव, पत्ता, फोटो सगळं झाकलं जाई आणि दिसे फक्त शिक्षण आणि अनुभव. कारण त्यांच्या आधी त्या कंपनीत साहेबांचे भाचे, भाच्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे शेजारी अशी ओळ लागलेली होती. पट्टी आल्यावर ती ओळ तुटली. उजव्या ट्रेमधे गेलेल्याचीच पट्टी निघे. खालच्या खणात गेलेल्यांची नावं चाळणीरावांनी अठ्ठावीस वर्षांत कधी वाचली नाहीत. "माझ्या हातून एकाही माणसाचा वशिला लागलेला नाही," असं ते छाती पुढे काढून सांगत, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

खालच्या खणाने त्यांना दुसरं एक भांडार दिलं, ते म्हणजे किस्से. घरात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, एखादा बायोडेटा होऊन जाऊ दे. मग एकाने 'छंद' म्हणून 'वेळेवर झोपणे' लिहिलं होतं तो किस्सा. एकाने 'आधीची नोकरी का सोडली' याच्यापुढे 'साहेब' एवढा एकच शब्द लिहिला होता तो. आणि शेवटी त्यांचा हुकमी एक्का. जागा होती भांडार लेखनिकाची, म्हणजे कोठारातल्या मालाची नोंद ठेवण्याची. एका बाईने (नाव झाकलेलं होतं, पण असलं काम बाईचंच असणार असं त्यांनी धरलं होतं) अनुभवाच्या रकान्यात टाइप केलं होतं, 'सात वर्षे घरी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दिवसातून सहा वेळा कूस बदलून देणे. पाठीला एकही जखम नाही.' इथे चाळणीराव थांबायचे, सगळ्यांकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "मी म्हटलं, बाई, आमच्या कोठारातल्या खोक्यांची पण कूस बदलणार का?" लोक हसून हसून बेजार व्हायचे. बावीस वर्षं हा किस्सा चालला होता. घरात कुणी सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळत पडलं तर "कूस बदलायला बाई बोलावू का?" हा ठरलेला शेरा होता.

आता दोन महिन्यांपूर्वी कंपनीने अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर आणलं. साहेबांनी बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "हे पण नाव बघत नाही बरं का. अगदी तुमच्यासारखंच आहे." निरोपाच्या पिशवीत नारळाएवढं घड्याळ होतं. पट्टी त्यांनी स्वतःच कोटाच्या खिशातून घरी आणली.

बावन्नाव्या वर्षी नोकरी शोधताना काय होतं ते त्यांना दोन महिन्यांत कळलं. कुणी उत्तरच देत नाही. एकच दार जरा किलकिलं झालं होतं. एका मोठ्या इस्पितळाला अर्ज छाननीसाठी अनुभवी माणूस हवा होता. तिथे लागलेल्या जुन्या सहकाऱ्याने फोनवर बजावलं होतं, "तुमच्यासारखा माणूस त्यांना हवाच आहे. पण आधी मशीन वाचतं. सत्तरच्या खाली गुण पडले तर कागद माणसापर्यंत पोचतच नाही. सत्तरच्या वर गेलात तर काम झालंच समजा. शेवटची वेळ आज संध्याकाळी सहा." चाळणीरावांना ती नोकरी हवी होती. घरात बसून त्यांना आपण भिंतीवरच्या त्या घड्याळासारखे वाटायला लागलो होतो, आणि बायकोशी बारीकसारीक कारणांवरून खटके उडत होते.

"ताईंकडे जा ना सरळ," बायको म्हणाली. ताई म्हणजे चाळणीरावांची थोरली बहीण. चौकाच्या कोपऱ्यावर तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. "दिवसाला दहा-दहा बायोडेटा करतात त्या."

"जन्मभर बायोडेटा चाळले मी. आता तो करायला दुकानात जाऊ?"

"दुकान कुठलं? बहीण आहे तुमची."

"माझं मी बघतो," ते म्हणाले आणि परत पडद्यात तोंड खुपसून बसले.

पुढचे काही तास त्यांना एकामागून एक धक्के बसत गेले. पहिल्या वेबसाइटने 'तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा रंग निवडा' म्हटलं आणि सोळा रंग समोर धरले. साड्यांच्या दुकानात पुरुषमाणूस बसतो तसे ते वीस मिनिटं बसले आणि करडा निवडून बाहेर पडले. दुसरीने काही विचारलंच नाही, नुसतं हुद्दा लिहायला सांगून एक बटण दाबायला लावलं, आणि क्षणात वाक्य उमटलं, 'कल्पक, उत्साही आणि सांघिक भावनेने काम करणारी व्यक्ती.' चाळणीराव चपापले. हेच वाक्य त्यांनी शेकडो अर्जांवर वाचलं होतं आणि दर वेळी 'खोटारडा' असं मनात म्हणून कागद खाली टाकला होता. ती पोरं खोटं बोलत नव्हती, त्यांनी एक बटण दाबलं होतं. हे कळल्यावर ते थोडा वेळ उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

तिसरी वेबसाइट मात्र कामाची निघाली. 'नुसती कामं सांगू नका, आकड्यांत सांगा,' असं ती म्हणाली. हे त्यांना पटलं. अठ्ठावीस वर्षं, साठ हजारांवर अर्ज, वशिल्याच्या तक्रारी शून्य. काटा सत्तावन्नवर गेला. चाळणीराव सरसावून बसले. एवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. 'दोन वर्षांचा खंड आढळला. कारण द्या.'

त्यांना वाटलं काहीतरी चुकलं असेल. कागद घेऊन त्यांनी सालं मांडली. पदवीचं साल, नोकरीचं साल. मधे दोन वर्षं. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसे ते दचकले. हजारो माणसांना ज्या फूटपट्टीने मोजलं, ती स्वतःला कधी लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या नियमाप्रमाणे ते स्वतः खालच्या खणातले होते.

त्या दोन वर्षांत त्यांनी काय केलं होतं? सरकारी परीक्षेचा अभ्यास. दोनदा बसले, दोनदा नापास झाले. ते कुणाला सांगावं असं काही नव्हतं. वेबसाइटने मात्र समजूतदारपणे पर्यायांची यादीच पुढे केली होती. शिक्षण. आजारपण. प्रवास. कुटुंबातील रुग्णाची सेवा. शिक्षणावर टिचकी मारली तर तिने प्रमाणपत्र मागितलं. मग त्यांची नजर चौथ्या पर्यायावर अडकली. आई तेव्हा अंथरुणावर होतीच. अर्धांगाने सात वर्षं होती, त्यातली ही दोन. आणि ते घरात होतेच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी बटण दाबलं, आणि खाली उघडलेल्या चौकटीत दोन बोटांनी टाइप केलं, 'अर्धांगाने आजारी असलेल्या आईची दोन वर्षे घरी राहून सेवा केली.'

काटा हिरवा झाला आणि चौऱ्याऐंशीवर गेला. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

"अगं, चौऱ्याऐंशी!" चाळणीराव ओरडले. बायको बाहेर आली आणि तिनेही कौतुकाने काटा बघितला.

हा आनंद तीन मिनिटं टिकला. कागद उतरवून घ्यायला गेले तर सकाळपासून मोफत मोफत म्हणणाऱ्या त्या बाईसाहेबांनी कार्डाचा नंबर मागितला, आणि नसेल द्यायचा तर पानावर तिरका करडा 'नमुना' असा ठसा मारून दिला. कार्ड तीनदा घातलं, तीनदा नाकारलं गेलं. पावणेपाच वाजले होते. बायकोने कोट त्यांच्या हातात दिला आणि चपला पुढ्यात आणून ठेवल्या.

ताईच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते, एक झेरॉक्सचं यंत्र आणि एक लॅमिनेशनचं, त्यामुळे तिथे कायम तापलेल्या प्लॅस्टिकचा वास असे. बाकावर एक ड्रायव्हर लायसन्सचे कागद घेऊन बसला होता. ताईचा चष्मा कपाळावर होता. भावाला बघून तिने तो नाकावर घेतला.

"काय रे धाकट्या, वाट चुकलास?"

"एक काम होतं. सहाच्या आत पाठवायचंय." त्यांनी ठसा मारलेला कागद पुढे केला आणि सत्तर गुणांची भानगड सांगितली.

ताईने कागदावरून नजर फिरवली. "हे दोन रकाने कुणी सांगितले तुला? मशीन आडवं वाचत जातं. तुझं शिक्षण आणि तुझा पत्ता एकात एक घुसतील. साधं पान हवं. रंग नको, चौकट नको." तिने दुसरी एक वेबसाइट उघडली. ती दिसायला अगदीच साधी होती, ना रंग ना चित्रं. "ही पैसे मागत नाही, आणि गुणही इथेच दाखवते. आपण दोघांनी बघत बघत करू."

"तुला हे सगळं कुठून ठाऊक?" चाळणीराव खरंच थक्क झाले होते.

"रोज तेच करते ना. तू इकडे कधी आला असतास तर कळलं असतं."

ती कीबोर्डकडे न बघता टाइप करत होती. शिक्षण झालं, कंपनी झाली, साठ हजार अर्ज झाले. "हे चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. मग तिने खंडाची ओळ उतरवली, कोपऱ्यातला गुणांचा आकडा इथेही चौऱ्याऐंशी झाला, आणि तिची बोटं थांबली.

तिने ती ओळ वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि परत वाचली. बाकावरच्या ड्रायव्हरने जांभई दिली.

"हे तू लिहिलंस?"

"वेबसाइटने सुचवलं. तसं खोटं नाही ना. मी घरीच होतो."

"होतास," ताई म्हणाली. मग अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात, ती पुढे म्हणाली, "पण हे असं लिहून भागत नाही. सेवा केली म्हणजे काय केलं? किती वेळा? त्याचा निकाल काय? आकड्यांत लिहावं लागतं. थांब, माझ्याकडे एक आहे, जुना. मागे हौसेने इथे चढवून ठेवलाय."

तिने एक फाइल उघडली. पान पडद्यावर आलं, आणि ते येता येताच तिने आपला डावा तळहात पडद्याच्या वरच्या भागावर आडवा धरला. नाव, पत्ता, फोटोची जागा, सगळं त्या हाताखाली झाकलं गेलं.

"वाच," ती म्हणाली.

चाळणीरावांनी वाचायला सुरुवात केली. टायपिंगची परीक्षा, पहिला वर्ग. साठा नोंदवहीचा अभ्यासक्रम. आणि त्याखाली, 'सात वर्षे घरी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दिवसातून सहा वेळा कूस बदलून देणे. पाठीला एकही जखम नाही.'

त्यांना हसू फुटलं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआपच आलं. "अगं, ही तर आपली ती बाई! खोक्यांवाली! तुझ्याकडे पण आली होती की काय?"

ताईने हात खाली घेतला.

वर ताईचं नाव होतं. लग्नानंतरचं, पूर्ण. त्याखाली तिचा जुना पत्ता होता, ज्या घरी ते दर दिवाळी-सुट्टीला नव्हे, पण सवड होईल तेव्हा जात, ते घर.

चाळणीरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते मागे घ्यायला हवं हे त्यांना समजत होतं, पण गाल ऐकत नव्हते. बाकाची कड धरून ते हळूच खाली बसले, तर ड्रायव्हरने बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

"तू आमच्याकडे अर्ज केला होतास?"

"केला होता. भांडार लेखनिक."

"मला... मला का नाही सांगितलंस?"

"तुझी पट्टी होती ना. सगळ्यांना सांगत सुटला होतास. मी म्हटलं, बरंच झालं. लागली तर माझ्या जोरावर लागेल, भावामुळे लागली असं कुणी म्हणणार नाही. खरं सांगू? मला तुझं कौतुकच वाटलं होतं तेव्हा."

"आणि मग?"

"मग काय? पंधरा दिवसांनी तुझ्याकडे जेवायला आलो होतो आम्ही. तू पानावरच सांगितलंस सगळ्यांना. खोक्यांचं."

चाळणीरावांना ते जेवण आठवलं. पहिल्यांदा तो किस्सा तेव्हाच सांगितला होता आणि तो इतका रंगला की तिथून पुढे त्यांनी तो सोडलाच नाही. "तू हसली होतीस," ते म्हणाले.

"सगळेच हसत होते."

त्यांना अजून एक गोष्ट आठवली आणि ती आठवायला नको होती. आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवून पाठ बघितली होती. त्यांनी चकित होऊन विचारलं होतं, सात वर्षं अंथरुणावर आणि पाठीला एक जखम नाही? कोण बघत होतं यांचं? ताई तेव्हा आत पाणी तापवत होती. दारात उभे होते चाळणीराव. आणि ते म्हणाले होते, "आम्हीच." डॉक्टरांनी त्यांचा खांदा थोपटला होता. त्यानंतर चार-पाच वर्षांनी तीच ओळ कागदावर त्यांच्यासमोर आली, त्यांनी ती वाचली, आणि आपल्या आईची पाठ त्यांना आठवली नाही. हे कसं झालं असेल? पट्टीने नाव झाकलं होतं, पण ओळ तर उघडी होती. दोष पट्टीवर ढकलायला त्यांना जागा सापडेना. त्यांना स्वतःची शरम वाटली, अशी की ताईकडे मान वर करून बघवेना.

"सांगायचं होतंस ताई. नंतर तरी. एकदा तरी."

"सांगून काय केलं असतंस? पट्टी काढली असतीस?"

आपण काय केलं असतं ते चाळणीरावांना स्वच्छ दिसत होतं. त्या वयात त्यांनी ती पट्टी बहिणीसमोर नाचवली असती आणि वर चार माणसांत अभिमानाने सांगितलं असतं, की बघा, सख्ख्या बहिणीलासुद्धा मी सोडलं नाही.

"ताई, माझं होतंय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोनच मिनिटं हं." तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "धाकट्या, पावणेसहा झाले. रडायचं असेल तर सहानंतर रड. माझी ओळ टाकू का? सातच्या जागी दोन करते. त्याने गुण नव्वदपर्यंत जातील."

ती चेष्टा करत नव्हती. तिची बोटं खरंच कीबोर्डवर ठेवलेली होती. चाळणीरावांना त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का हा बसला.

"तुझी ओळ?"

"घे. मला आता कुठे लागणारे? तुला नोकरी हवीय ना?"

चाळणीराव उठले. त्यांनी ताईच्या पुढ्यातून कीबोर्ड ओढून घेतला आणि सेवेची ती ओळ एकेक अक्षर मागे जात पुसून टाकली. मग दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत, टाइप केलं. 'ही दोन वर्षे मी घरी होतो. परीक्षेत दोनदा नापास झालो. आजारी आईला माझी थोरली बहीण सांभाळत होती.'

कोपऱ्यातला आकडा चौऱ्याऐंशीवरून सुटला आणि एकसष्टवर येऊन थांबला.

"एकसष्ट," ताई म्हणाली.

"दिसतंय."

"सत्तर लागतात म्हणालास."

"हो."

"मग वेडेपणा करू नकोस. कुणी माणूस वाचणारसुद्धा नाही हे. मी नाही म्हणत नाहीये ना तुला?"

"म्हणूनच," चाळणीराव म्हणाले. "पाठवायचं बटण कुठलंय?"

ताईने बोट दाखवलं. सहाला नऊ मिनिटं कमी असताना त्यांनी ते दाबलं, आणि पडद्यावर 'अर्ज मिळाला' एवढी एक ओळ आली. रंगीत कागद वगैरे काही उडाले नाहीत.

चाळणीराव उभेच राहिले. माफी मागायला हवी होती, पण बावीस वर्षांची माफी कुठून सुरू करतात ते त्यांना माहीत नव्हतं. कोटाच्या खिशात हात गेला तर बोटांना ती पट्टी लागली. त्यांनी ती बाहेर काढली नाही.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"दिवसातून सहा वेळा म्हणजे... रात्रीची पण उठायचीस?"

"दोनदा. बाराला आणि चारला. गजर लावून, उशीखाली ठेवून, म्हणजे आवाज व्हायचा नाही."

"एकटीला जमायचं? आई अंगाने जड होती."

"जमायचं. चादरीने ओढायचं आधी, मग वळवायचं. सवय होते."

"आणि मी कुठे असायचो?"

ताईने ड्रायव्हरच्या हातातून कागद घेतले, काचेवर सरळ केले आणि यंत्राचं झाकण लावलं.

"पलीकडच्या खोलीत," ती म्हणाली. "तुला कसं उठवणार? परीक्षा होती ना तुझी."